रविवारचा कान

लोकांचे कान ताळ्यावर आणून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं ऐकू येतंच, असं काही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो.

या बाईला तिच्या बाबांचे मित्र 'कानवाली' म्हणत, आणि खोटं कशाला सांगा, तिला ते नाव आवडायचंही. एका मोठ्या दवाखान्यात ती कानाची मशीनं बसवायची. कमी ऐकू येणाऱ्यांना ती कशी घालायची ते शिकवायची, आणि जे खिशात घालून हिंडत त्यांची बिनपाण्याने करायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं : "कान वापरला नाही की मेंदू ऐकायचं विसरतो." हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा तिच्या बाबांनी ऐकलं होतं, आणि तेही तिनेच बसवलेल्या मशीनमधून.

बाबा पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या कारखान्यात पस्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची सतरा फोरमन म्हणून. त्या ठोकाठोकीत डावा कान पार गेला. उजवा उरला तो नावापुरता. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बाबा एकटे उरले. तेव्हापासून दर रविवारी अकराला कानवाली, तिचा नवरा आणि आठ वर्षांची ठकी तिथे जायची. बाबांचे दोन मित्रही यायचे. सगळे एकत्र जेवायचे, गप्पा व्हायच्या, चहा व्हायचा, आणि पाचला ही तिघं घरी परतायची.

आजच्या रविवारी मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवरच ती थांबली. ठकी नेहमीसारखी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत, चपला आपटत वर पळाली होती. मागे नवरा हळूच म्हणाला, "आज सांगणार आहेस ना?"

"जेवण झाल्यावर."

"गेल्या रविवारीही जेवण झाल्यावरच होतं. गुरुवारी निघायचंय आपल्याला. सामान बांधून झालं. घराच्या किल्ल्या द्यायच्यात. काय, गाडीत बसल्यावर कळवणार आहेस?"

ती पायऱ्या चढायला लागली. दीड दिवसाच्या प्रवासावरचं दुसरं शहर, तिथल्या इस्पितळात कानाचा अख्खा विभाग, आणि त्याची ती प्रमुख. महिन्यापूर्वी तिने हो म्हटलं होतं. त्यानंतर चार रविवार आले, आणि चारही रविवारी ती बातमी जशीच्या तशी घरी परत घेऊन गेली. पेशंटला 'तुमचा हा कान आता परत येणार नाही' असं तोंडावर सांगणारी बाई, पण बापापुढे तिची दातखीळ बसायची.

दार उघडंच होतं. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. उजव्या कानात मशीन होतं.

"आली, आली," ते ठकीला उचलायचा प्रयत्न करत म्हणाले. "पहिल्या मजल्यापासून आवाज येतोय. जिना मोडून ठेवशील एक दिवस."

आत बाबांचे दोघे मित्र येऊन बसले होते. एक रिटायर झालेला कंडक्टर. आयुष्यभर 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडल्यामुळे त्याचा घसा कायमचा वरच्या पट्टीत अडकला होता. दुसरा वेल्डर, बाबांच्याच कारखान्यातला. त्या कारखान्यात मशीनच्या गोंगाटात बोलून उपयोग नसायचा, म्हणून तिथली सगळी माणसं ओठांवरून बोलणं वाचायला शिकली होती. त्यामुळे वेल्डर आणि बाबा खोलीच्या दोन टोकांना बसून, तोंडातून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तासन्‌तास बोलू शकत. आणि कंडक्टरचा जीव वरखाली होई.

"बघ, बघ कानवाले," तो तिला बघताच कडाडला, "चालली माझी चुगली. दोन मुके माझ्या घराण्याचा उद्धार करतायत."

"तुझ्या घराण्यात उद्धार करण्यासारखं आहे काय?" वेल्डरने विचारलं.

"आणि याच्या पाठीमागेही काही बोलायची सोय नाही," कंडक्टर बाबांकडे बोट दाखवत म्हणाला. "परवा हा भांडी घासत होता, मी वेल्डरला म्हटलं, फोरमनच्या चहात साखर कमी. हा तिकडूनच, वळूनसुद्धा न बघता म्हणतो, मग घरी जाऊन पी!"

सगळे हसले. भांडी घासायच्या बेसिनवर दाढीचा आरसा होता. कारखान्यात मागची लाइन दिसावी म्हणून फोरमनच्या डोक्यावर आरसा लावलेला असायचा. घरीही बाबांची मान आपोआप आरशाकडे जायची. ही गोष्ट कानवालीने लहानपणापासून ऐकली होती. ऐकली होती आणि विसरली होती.

ती स्वयंपाकाला लागली. बाबांनी बटाटे सोलून पाण्यात घालून ठेवले होते, कांदे चिरून झाकले होते, मासे धुऊन मीठ लावून ठेवले होते. तिला फक्त फोडणी टाकायची आणि तळायचं एवढंच काम. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सवयीने गुणगुणायला लागली. आईची तीच सवय होती. दाराजवळच्या खुर्चीत बाबा काही न करता बसून होते. मध्येच तिने वळून पाहिलं, तर ते म्हणाले, "थांबलीस का? चालू दे."

जेवणं झाली. नवऱ्याने टेबलाखालून दोनदा पाय मारला, तिने दोन्ही वेळा भात वाढला. ठकीने शाळेतल्या मुलीचा दात कसा पडला ते सविस्तर सांगितलं, बाबांनी तो कुठला दात होता ते दोनदा विचारलं.

जेवणानंतरचा कार्यक्रम ठरलेला होता. बाबा मशीन काढून टेबलावर ठेवायचे आणि भांडी घासायला जायचे, कारण नळाचा आणि ताटांचा आवाज मशीनमधून कानात टोचतो. तेवढ्या वेळात कानवाली ते साफ करून, लॅपटॉपला जोडून तपासायची. मशीन रोज सरासरी किती वेळ चालू होतं तो आकडा त्यात दिसायचा. तीन वर्षं तो आकडा पन्नास मिनिटांच्या आसपास होता. त्यावरून तिने मनाशी हिशेब लावला होता की बाबा रोज अर्धा तास बातम्या बघत असणार, आणि उरलेला वेळ दुकानदार, शेजारी. आणि दर रविवारी ती त्यांना झापायची. "पन्नास मिनिटं? बाबा, दिवसाला निदान आठ तास घालायचं. माझ्या ऐंशी वर्षांच्या पेशंट बाई घालतात, तुम्हाला काय धाड भरते?" बाबा म्हणायचे, "घालतो गं. उद्यापासून घालतो."

आज तिने बारीक ब्रशने मशीन पुसलं, बॅटरीचं दार उघडलं. बॅटरी ठीक होती. मशीनच्या डबीत जुनी बॅटरी पडलेली होती, आणि तिच्या पाठीवर स्टिकर लावलेलं होतं. मळलेलं, कडा दुमडलेलं, पुन्हा पुन्हा काढून लावलेलं स्टिकर. तिच्या कपाळावर आठी पडली. या बॅटऱ्या हवेवर चालतात. स्टिकर काढलं की आत हवा शिरते आणि बॅटरी जागी होते. एकदा जागी झाली की मशीन वापरा, न वापरा, ती संपतच जाते. स्टिकर परत लावून तिला झोपवता येत नाही. हे तिने बाबांना दहादा सांगितलं होतं.

मग तिने मशीन लॅपटॉपला जोडलं. आठवड्यापूर्वी दवाखान्याने लॅपटॉपमधला प्रोग्रॅम नवा घातला होता. आता नुसती सरासरी दिसत नव्हती, एकेका दिवसाचा वेगळा पट्टा दिसत होता.

सोमवार कोरा. मंगळवार कोरा. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार कोरे. रविवार : पाच तास पंचावन्न मिनिटं.

आधी तिला वाटलं प्रोग्रॅम बिघडलाय. ती मागे मागे जात राहिली. सहा कोरे आणि एक उभा पट्टा, सहा कोरे आणि एक उभा पट्टा. पावणेअकराला सुरू, पाचच्या ठोक्याला बंद. सहा तासांना सातने भागलं की पन्नास मिनिटं येतात, हे तिसरीतल्या ठकीलाही जमलं असतं. रोज पन्नास मिनिटं वगैरे काही नव्हतंच. तीन वर्षं ती त्या आकड्याकडे बघून बापाला आळशी म्हणत होती.

दीड महिन्यापूर्वीचा एक रविवारही कोरा होता. तिला आठवलं, त्या रविवारी ठकीला ताप होता, ते आले नव्हते.

"काका," तिने दात कोरत बसलेल्या कंडक्टरला विचारलं, "ठकी आजारी होती त्या रविवारी तुम्ही दोघं आला होतात ना?"

"आलो होतो की. पत्ते खेळलो. हा वेल्डर तीनदा चोरी करताना सापडला."

"मग बाबांनी मशीन घातलं नव्हतं?"

"आमच्यासाठी?" कंडक्टर हसला. "आमच्यासाठी कशाला घालेल? म्हणतो, तुम्ही तेच तेच बोलता, न ऐकता कळतं. आणि बॅटरी संपेल म्हणतो. तुम्ही गेलात ना खाली, की मशीन काढतो, बॅटरी काढतो, तिला तो चिटोरा चिकटवतो आणि डबी कपाटात. आठवडाभर हात लावत नाही. मी एकदा म्हटलं, अरे, मुलगी इतकी बोंबलते, घाल की. तर म्हणतो, ऐन रविवारी बंद पडलं म्हणजे?"

कानवाली पडद्यावर आणखी मागच्या आठवड्यांत जात राहिली, आणि एका ठिकाणी थबकली. चार महिन्यांपूर्वीचा एक बुधवार. चार तास दहा मिनिटं. बुधवारी कोण आलं होतं? तिने मोबाइल काढून त्या तारखेचे मेसेज बघितले. बाबांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून ती त्यांना मेसेजच करायची. दुपारी एकचा तिचा मेसेज होता : 'बाबा, तुमच्या बाजूला कामाला आलेय. जमलं तर डोकावते.' त्याखाली बाबांचा अंगठा. त्याखाली काही नाही. तिला जमलं नव्हतं. जमलं नाही हे कळवायचंही राहिलं होतं.

चार तास दहा मिनिटं हा माणूस कानात मशीन घालून दाराकडे बघत बसला होता.

"आता तरी सांग," नवरा बाजूला येऊन बसला. "ते बाहेर आले की सांगून टाक."

"काय सांगू?" ती म्हणाली. मशीन तिच्या पुढ्यात उघडं पडलं होतं, आत नळ वाहत होता, बाबा पाठमोरे होते. आवाज दाबायची तिला गरजच वाटली नाही. "हे बघ, सबंध आठवडा कोरा आहे. फक्त आपण. आता गुरुवारी आपण निघून जाणार, वर्षातून दोनदा येणार, हे कुठल्या तोंडाने सांगू? नाही होत माझ्याच्याने. मी पत्र लिहीन तिकडून."

कंडक्टरचं दात कोरणं थांबलं. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बेसिनकडे. वेल्डरनेही बेसिनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आत बाबा एकच ताट घासत होते. घासून घासून ते ताट केव्हाच स्वच्छ झालं असणार. वय झालं, कानवालीच्या मनात आलं.

थोड्या वेळाने बाबा हात पुसत आले. "झालं का गं माझ्या कानाचं सर्व्हिसिंग?" त्यांनी विचारलं. मशीन कानात घातलं, नीट बसवलं. मग खुर्ची ओढून ठकीच्या अगदी समोर बसले.

"आज मोठ्या माणसांनी तोंडं बंद ठेवायची," ते म्हणाले. "आज ठकी बोलणार."

ठकीला तेच हवं होतं. तिने दाताची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. शाळेतलं गाणं म्हटलं, मधलं कडवं विसरली तिथे ला-ला-ला करून वेळ मारून नेली. बाबा म्हणाले, "परत म्हण." तिने परत म्हटलं. मग त्यांनी जावयाला त्याच्या कामाचं विचारलं, जे तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं, आणि तो सांगत असताना हातावर हनुवटी टेकून ऐकलं. कंडक्टरला म्हणाले, "तुझी ती बसमध्ये कोंबडी सुटल्याची गोष्ट सांग."

"ती? ती तर तू शंभरदा..." कंडक्टर म्हणाला.

"बघितली आहे शंभरदा. आज ऐकायचीय."

कंडक्टरने ती गोष्ट सांगितली. वरच्या पट्टीतला माणूस, पण शेवटी शेवटी त्याचा आवाज खाली आला. वेल्डर उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. चहा कानवालीनेच केला. बाबा पुन्हा त्या दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसले होते. आज तिला गुणगुणणं काही सुचलं नाही.

पाच वाजले. चपला घालताना ती मनाशी ठरवत होती की पत्रच बरं, पत्रात सगळं नीट मांडता येईल. ठकी आणि नवरा जिना उतरायला लागले. बाबा तिच्यामागे बाहेर आले. एरवी ते दारातूनच हात हलवायचे. आज त्यांनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी मिटली, आणि तिच्या खांद्यावरच्या पर्समध्ये टाकून वरून चेन ओढली.

"हे काय, बाबा?"

"घेऊन जा. तिकडे पेशंट येतील तुझ्याकडे. एखादा अडला-नडला असेल, त्याच्या कानाला बसव."

"तिकडे? तिकडे कुठे?"

बाबांनी अंगठ्याने मागे बेसिनकडे दाखवलं. "आरसा पुसायचा राहिलाय आज. तरी दिसलं."

हजारो बहिऱ्या माणसांना तिने विचारलं होतं, ओठ वाचता येतात का. आणि तिने आपल्याच बापासमोर तोंड उघडं ठेवून सगळं सांगितलं होतं. तिने हात तोंडावर दाबून धरला.

"हात काढ," बाबा म्हणाले. "मला वाचता येत नाही. मोठी जागा आहे का?"

तिने मान हलवली.

"हाताखाली माणसं किती?"

"अकरा."

"अकरा!" बाबांनी भुवया उंचावल्या. "मला सुरुवातीला सहाच दिली होती. झालं तर मग. फोरमन झाली माझी पोर." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो अजून भांड्यांच्या साबणाने ओलसर होता.

"बाबा, मशीन ठेवा. मी रोज व्हिडिओ लावीन. रोज बोलू."

"बोलू की. 'जेवलात का?' 'जेवलो.' 'तब्येत?' 'ठीक.' एवढ्याला ओठ पुरतात, पोरी. कान लागत नाही."

"मग आतापर्यंत..."

"ठकी जिन्यात धावत येते ना," ते म्हणाले, "ते ओठांवर दिसत नाही. तू तिकडे तोंड करून गुणगुणतेस, तेव्हा ओठ कुठे दिसतात मला? तुझी आई गुणगुणायची तेव्हा माझ्याकडे मशीन नव्हतं. तेवढ्यापुरतं लागायचं मला हे." मग ते जरा हसले. "बाकी तू म्हणतेस ते खरंच आहे. वापरला नाही की विसरतो. विसरायला सोपं जातं म्हणतोय मी. जा, ती दोघं थांबलीत."

ते वळले आणि आत गेले.

"मी नाही जात, बाबा," ती त्यांच्या पाठीला म्हणाली. मोठ्याने म्हणाली. जिन्याच्या खाली नवऱ्यालाही ऐकू गेलं असेल. ते खरं नव्हतं, हे तिला म्हणतानाच माहीत होतं. आणि ते बाबांना ऐकू जाणार नाही, हेही माहीत होतं, म्हणून तर ती म्हणू शकली. दार लागलं.

ती खाली आली. रविवार संध्याकाळचा रस्ता रिकामा होता, दुकानांची शटर्स खाली होती. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ठकी थांबली.

"आई, तुझ्या पर्समध्ये काहीतरी वाजतंय."

बारीक, लांबलचक शिट्टी. कानाबाहेर बंदिस्त जागेत राहिलं की चालू मशीन असंच वाजतं. तिने चेन उघडली, डबी उघडली. मशीन चालू होतं. आत बॅटरी तशीच होती.

तीन वर्षं दर रविवारी पाचला त्या माणसाने बॅटरी काढून, स्टिकर लावून, ती पुढच्या रविवारसाठी जपून ठेवली होती. आज काढली नव्हती. जपायची कशासाठी?

"बंद कर ना," ठकी कान झाकत म्हणाली.

बॅटरीचं दार नखाने उघडलं की झालं, एका सेकंदाचं काम. दिवसातून पन्नासदा ती ते करायची. पण तिने मशीन मुठीत धरलं. मुठीत धरलं की ते आणखी मोठ्याने वाजतं, हेही तिला माहीत होतं, आणि ती तशीच ते वाजू देत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.